घाबरत मोजणारे रेमीअंकल

रेमीअंकल घाबरूनही काय करू शकतात, हे कळायला मला दीड वर्ष लागलं. तोवर मी त्यांच्या भीतीचीच यादी करत होते. ते लिफ्टला घाबरत. मस्कतला, अल् घुब्र्यात, आमच्या पाचव्या मजल्यावर भर ऑगस्टमध्येसुद्धा जिन्याने चढून येत आणि दारात उभं राहून दोन मिनिटं नुसता श्वास घेत. रस्त्यावरच्या रडारला घाबरत, म्हणून हायवेवर एकशेवीसची मुभा असताना ऐंशीच्या वर काटा जाऊ देत नसत. पोलिसाला घाबरत, मेडिकलला घाबरत, हॉटेलच्या एचआरमधून आलेल्या फोनला तर फारच. हमरियातल्या खोलीतून निघताना गॅसचं बटण बंद केल्याचा मोबाइलवर फोटो काढत, म्हणजे रुवीच्या सिग्नलला शंका आली तर बघून खात्री करता येईल.

भित्रेपणात मीही काही मागे नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे मस्कतला आले तेव्हा पहिले तीन महिने मी एकटी खाली भाजी आणायलाही उतरले नव्हते. त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

पण त्यांची ती सगळी भीती किरकोळ होती. खरी भीती एकच होती आणि ती त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती. त्यांचे कान जात होते. आणि रेमंड तुस्कानो हा माणूस पोटासाठी एका हॉटेलच्या हॉलमध्ये साउंड सांभाळत होता, आणि शुक्रवारी सकाळी, स्वतःसाठी, ड्रम वाजवत होता.

आमची ओळख मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात झाली. हॉल त्यांच्या हॉटेलचा होता आणि मी भावगीतांना तबल्यावर होते. कार्यक्रम संपल्यावर वायरी गुंडाळत गुंडाळत ते माझ्याजवळ आले. साठी उलटलेली, सडपातळ अंगकाठी, शर्टाची वरची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. रागावणार नसाल तर एक विचारू का, म्हणाले. मला वाटलं माइकबद्दल काही तक्रार असेल. त्यांना रूपक तालाबद्दल विचारायचं होतं. सात मात्रांचा ताल त्यांना नवा नव्हता. त्यांच्या संगीतात सातही होते आणि अकराही. त्यांना कळत नव्हतं ते एवढंच, की पहिल्याच मात्रेवर, जिथे सगळं जग जोरात आपटतं तिथे, आम्ही खाली, म्हणजे रिकामी मात्रा, का देतो. मी म्हटलं, तसाच आहे तो ताल. त्यांनी हातातली वायर खाली ठेवली. "समेवरच रिकामं? एवढी हिंमत?" असं म्हणून ते बराच वेळ माझ्या डग्ग्याकडे बघत राहिले. त्यांनी तालमीला बोलावलं आणि पुढच्या शुक्रवारी मी माबेल्याला होते.

माबेल्याला सलीमच्या चुलतभावाचं फर्निचरचं दुकान आहे. त्याच्यामागच्या गोदामात, भिंतींना न विकलेल्या गाद्या उभ्या करून, अंकलच्या बँडची तालीम चाले. सलीम हा बँकेत नोकरी करणारा ओमानी मुलगा, हिंदी आमच्यापेक्षा झकास बोलायचा आणि इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. बेस गिटारवर परब, मूळचा कुडाळचा, लिफ्ट दुरुस्त करणारा. रेमीअंकल त्याच्याशी जिवाभावाची मैत्री ठेवून होते, पण त्याने दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्येही पाय ठेवत नसत. रुवीच्या चर्चमध्ये सकाळची मिस्सा आटोपून ते ऐंशीच्या वेगाने येत, ड्रमच्या मागे बसत, गळ्याचं बटण उघडत. तिथून पुढे दोन तास मला हा माणूस ओळखू यायचा नाही.

ते वाजवत ते जॅझ-रॉक. मला तोवर दोन्ही शब्द वेगवेगळेसुद्धा नीट माहीत नव्हते. पहिल्या दिवशी मी चक्क घाबरले. साडेपाच, सात, मधेच नऊ, आणि आवाज असा की तबल्याची शाई उडेल असं वाटावं. एका जागी ठेका सोडून सगळे एकदम हवेत जायचे आणि परत जमिनीवर कुठे उतरायचं हे फक्त अंकलना ठाऊक असायचं. मी हात काढून घेतला. त्यांनी वाजवता वाजवता माझ्याकडे बघून ओरडून सांगितलं, "घाबरायचं, पण मोजत राहायचं." हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. परबने ते गोदामाच्या दारावर खडूने लिहूनही ठेवलं होतं. पुढे त्याच वाक्याने आमचा घात केला.

हे संगीत कसं वर आलं, याची त्यांची स्वतःची एक गोष्ट होती. पुस्तकात काय लिहिलंय ते मला माहीत नाही. मी त्यांचीच खरी मानते. त्यांचे मामा मुंबईच्या एका हॉटेलात ट्रम्पेट वाजवत. कोट, बो, पॉलिश केलेले बूट, आणि मंद दिव्यात हळुवार जॅझ. मग हॉटेलांना गिटारवाली पोरं हवीशी वाटू लागली. मोठा आवाज, लांब केस. मामांच्या बँडमधली माणसं एकेक करून घरी बसली. त्याच सुमाराला त्यांच्या वसईचा एक खलाशी नातेवाईक बोटीवरून एक रेकॉर्ड घेऊन आला. तिकडे गाजून जुनी झालेली चीज इकडे अशीच, बोटीने, उशिरा पोचायची. अंकल तेव्हा कॉलेजात होते. मामांनी रेकॉर्ड लावली. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. सुई उचलली, परत पहिल्यापासून लावली. दुपारभर हेच. शेवटी म्हणाले, ही आपलीच माणसं आहेत रे, यांनी फक्त वायर लावून घेतलीय.

"जॅझवाले घाबरले होते गं," अंकल सांगायचे. "पोरं आपल्याला सोडून चालली, आपण म्हातारे झालो म्हणून. आणि रॉकवालेही घाबरले होते. गर्दी आहे, पैसा आहे, पण आपल्याला खरं वाजवता येतं का? दोघं घाबरून एकमेकांच्या घरात शिरले. त्यातून हे झालं. धीट माणसांनी नाही केलेलं."

मामांनी त्या वर्षी ट्रम्पेटला माइक चिकटवला आणि गिटारवाल्या पोरांच्या बँडमध्ये जाऊन उभे राहिले. पहिल्या दिवशी पोरं हसली म्हणे. भाचा त्याच बँडमध्ये ड्रमवर बसला. ही गोष्ट सांगताना अंकलचा आवाज अजूनही बारीक व्हायचा, आणि आम्ही पुढे सरकून ऐकायचो. ते स्वतः मात्र आमच्या ओठांकडे बघत असायचे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

उशिरा म्हणजे काय, लक्षात आलं होतं. मीच बघितलं न बघितल्यासारखं केलं. ते नेहमी माणसाला आपल्या डाव्या हाताला बसवत. उजवीकडून हाक मारली तर वळत नसत. आणि ऐकू आलं नाही की गोड हसून मान डोलवत, म्हणजे समोरचा समाधानाने निघून जायचा. एकदा मी विचारलं, अंकल, चहा घेणार की कॉफी? त्यांनी हसून मान डोलावली. त्या दिवशी मी घाबरून घरी आले आणि नवऱ्यालाही काही बोलले नाही. बोललं की खरं होतं, असं मला लहानपणापासून वाटत आलेलं आहे.

शेवटी परबने तोंड उघडलं. लिफ्टच्या मोटारीजवळ काम करून त्याच्या ओळखीतल्या दोघांचे कान गेले होते. कानाची तपासणी करून घ्या, असं त्याने अंकलना सरळ सांगितलं. अंकलच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. हॉटेलची वार्षिक मेडिकल पुढच्याच महिन्यात होती आणि त्यात कानही बघत. साउंडवाल्याला ऐकू येत नाही हे एचआरला कळलं तर नोकरी, व्हिसा, खलास. आणि वसईत फिलोमिनाकाकी होत्या. सव्वीस वर्षं दोघांचा संसार दुपारी दीड वाजताच्या फोनवर चालला होता. काय जेवलात, वाडीत पाणी आलं का, गुडघा कसा आहे. डावा कानही गेला तर तो फोनही गेला.

महिन्याभराने रिपोर्ट आला. नॉर्मल. दोन्ही कान, वयाच्या मानाने उत्तम. अंकलनी तो फोल्डरमधून काढून आम्हाला दाखवला आणि परत फोल्डरमध्ये ठेवला. मला इतकं हलकं वाटलं की रडूच आलं. सलीमने त्या दिवशी सगळ्यांना करक, म्हणजे इकडचा कडक दुधाचा चहा, पाजला. शंका फिटली म्हणून आम्ही आवाजही वाढवला. सलीमला एका हॉलची परवानगी मिळण्याची आशा होती, चार महिन्यांत कार्यक्रम करायचा होता, आणि आता घाई करायला हरकत नव्हती. शुक्रवारचे दोन तास तीनवर गेले. त्या गाद्यांच्या खोलीत आम्ही सात महिने त्यांच्या कानांत तो आवाज ओतत होतो. परवानगी लांबली, आम्ही वाजवत राहिलो.

त्यानंतर आमच्या ओळखीच्या एका घरचा साखरपुडा अंकलच्याच हॉटेलात होता. भर दुपारची वेळ, दोनशे माणसं. मुलाचे आजोबा आशीर्वाद द्यायला माइक घेऊन उभे राहिले आणि बोलता बोलता स्पीकरच्या पुढे आले. माइकने शिट्टी मारली. साधी नाही. कानात सुई खुपसावी तशी, बारीक आणि तीक्ष्ण, आणि ती थांबेचना. लहान मुलं रडायला लागली. बायकांनी कानांवर हात ठेवले. मी मागे वळून साउंडच्या टेबलाकडे बघितलं.

रेमीअंकल शांतपणे उभे होते. चेहऱ्यावर ते गोड हसू होतं. त्यांना आजोबांचा आवाज जरा दबका वाटत होता, म्हणून ते बारीक सुरांचं बटण आणखी वर नेत होते.

मी धावले. साडीत पाय अडकून एक खुर्ची पाडली. त्यांच्या हाताखालून हात घालून मी ते बटण खाली ओढलं आणि हॉल एकदम गप्प झाला. त्यांनी आधी माझ्या हाताकडे बघितलं. मग मान वर करून हॉलकडे बघितलं. दोनशे माणसं अजून कानांवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत होती. माणसाचा चेहरा असा झालेला मी त्याआधी एकदाच पाहिला होता, माझ्या वडिलांचा, डॉक्टर खोलीतून बाहेर आले तेव्हा.

स्वयंपाकघरामागे माल उतरवायची जागा आहे, तिथे पाण्याच्या बाटल्यांच्या क्रेटवर आम्ही बसलो. मी त्यांच्या डाव्या बाजूला. पण रिपोर्ट नॉर्मल होता ना, एवढंच मी परत परत म्हणत होते. शेवटी अंकल म्हणाले, "मोजलं गं मी."

मला कळेना. त्यांनी सांगितलं. तपासणीला काचेच्या छोट्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन, हातात बटण. टीं असा आवाज आला की बटण दाबायचं. पहिले जाड आवाज त्यांना ऐकू आले. आवाज देणारा माणूस कंटाळलेला होता, त्याचा हात एका लयीत चालला होता. चार मोजले की एक. पुढे बारीक आवाज सुरू झाले आणि खोली शांत झाली. काहीच येईना. अंकल भयंकर घाबरले. घाबरल्यावर त्यांनी आयुष्यभर जे केलं होतं तेच केलं. मोजत राहिले आणि चारला बटण दाबत राहिले. खरं वाटावं म्हणून मधे दोन सोडलेसुद्धा.

"फसवायचं म्हणून नव्हतं," ते म्हणाले. "हातच चालला. आणि मग रिपोर्ट बघितला, आणि मलाच वाटलं, आलं असेल ऐकू."

दुसऱ्या कोणाला हे जमलं नसतं. चाळीस वर्षं ठेका धरलेल्या माणसालाच ती लय सापडली, आणि त्या लयीत त्याने आपल्या कानांचे सात महिने घालवले. मला त्यांचा संताप आला, आणि पुढच्याच क्षणी स्वतःचा. मी तरी तो रिपोर्ट खरा का मानला होता? मला कार्यक्रम हवा होता.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर होता, आम्ही जिन्याने चढलो. तपासणीला एक मल्याळी मुलगी होती. काचेच्या खोलीत जाण्याआधी अंकल तिच्यासमोर उभे राहिले आणि तुटक्या इंग्रजीत म्हणाले, मी ड्रमर आहे, मला लयीत आवाज देऊ नका. ती हसली. मी हसले नाही. काचेतून मला तिचा हात दिसत होता आणि त्यांचा. तिचा हात चालला होता, कधी लवकर, कधी थांबून. त्यांचा बटणावर तसाच पडून होता. मिनिटामागून मिनिटं. मधे एकदा त्यांनी डोळे मिटून घेतले.

उजवा कान जवळजवळ गेला होता. डाव्यात निम्मं होतं. ड्रम बंद केले तर तेवढं टिकेल, नाहीतर वर्ष-दीड वर्ष, असं डॉक्टर म्हणाले. कानाला मशीन लावून घरात, शांततेत, समोरून बोललेलं कळेल, गर्दीत कठीण. अंकलनी एकच प्रश्न विचारला. फोनवर?

डॉक्टर म्हणाले, टिकवलंत तर.

त्या शुक्रवारी ते येतील असं मला वाटलं नव्हतं. ते आले, नेहमीच्या वेळी. परबने साइटवरचे मोठे पिवळे कानबंद आणले होते, खोदकाम करणारे घालतात तसे. त्याने ते पुढे केले. "अंकल, ह्ये घाला. ऐकाक कायेक येवचा नाय, पण कान ऱ्हवतले."

त्यांनी ते घातले. सलीम अगदी हळू आवाजात, "यल्ला, अंकल, चला," म्हणाला, जे त्यांना ऐकू जाणं शक्यच नव्हतं. आमचं सातातलं सगळ्यात लांब वादन त्यांनी आमच्या हातांकडे बघत एकदा पूर्ण वाजवलं. दोन ठिकाणी ते चुकले. कोणी थांबलं नाही. शेवटी सगळे हवेत गेलो तेव्हा मी इतकी घाबरले होते की माझ्याच छातीतला आवाज मला डग्ग्यासारखा ऐकू येत होता. उतरायची जागा त्यांनी चुकवली नाही. मग त्यांनी स्वतःच्या हाताने स्क्रू सैल केले, झांजा उतरवल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि सलीमच्या हवाली केल्या. कोणाला मदत करू दिली नाही.

सोमवारी ते एचआरमध्ये गेले आणि खरा रिपोर्ट टेबलावर ठेवला. आदल्या दिवशी मी त्यांना सांगितलं होतं की थोडं थांबा, आणखी वर्ष निघेल. त्यांनी नकारार्थी मान हलवली. पुढची शिट्टी कोणाच्या कानात बसेल, लहान मुलं असतात, म्हणाले. हॉटेलने वाईट वागवलं नाही. दोन महिन्यांत हिशेब, कागद, सगळं झालं.

विमान दुपारचं होतं. मी आणि परब सोडायला गेलो. पासपोर्टच्या दारापर्यंत जाता येतं, तिथून पुढे नाही. विमानतळावर गर्दी, ट्रॉल्यांचा खडखडाट, वर सतत घोषणा. नवीन मशीन त्यांनी खिशात ठेवलं होतं, गर्दीत ते नुसता गोंगाट करतं म्हणून. आमचा निरोप घेऊन ते रांगेत उभे राहिले. पुढचा माणूस सरकला की सरकायचे. मी दोरीच्या अलीकडून बघत होते.

त्यांची पाळी आली. गणवेशातल्या अधिकाऱ्याने काहीतरी विचारलं. अंकल समोर बघत राहिले. त्याने परत विचारलं, आणि या वेळी आवाज चढवला असावा, कारण रांगेतली दोन-तीन डोकी वर झाली. हाक मारून उपयोग नव्हता. आता ते गोड हसतील आणि मान डोलावतील, आणि कशाला हो म्हटलं ते त्यांनाही कळणार नाही, अशी माझी खात्रीच होती. परबने माझा दंड घट्ट धरला.

ते हसले नाहीत. त्यांनी बोट उचलून उजव्या कानावर ठेवलं, मग डाव्या कानावर, आणि हात आडवा हलवला. मग तोंडानेही सांगितलं, इतक्या मोठ्याने की लांब उभ्या असलेल्या आम्हालाही ते स्पष्ट ऐकू आलं.

"सर, मला ऐकू येत नाही. आय कान्ट हिअर. प्लीज, राइट."

सगळी रांग त्यांच्याकडे बघत होती. अधिकाऱ्याने खिशातून पेन काढलं आणि काउंटरवर वाकून लिहायला लागला. अंकल त्याच्या हाताखालचा कागद वाचत होते. त्यांचे पाय लटपटत होते, ते मला तेवढ्या अंतरावरूनही दिसत होतं.